बी.फार्म.च्या मुलांना शरीररचनाशास्त्र नेमकं किती शिकवावं?
माझी कसोटी एकच: औषध शरीरात जिथून शिरतं, जिथे काम करतं आणि जिथून बाहेर पडतं, त्या जागा पक्क्या हव्यात. छातीत कळ आल्यावरची नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखालीच का ठेवायची? तिथल्या शिरांचं रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे जातं. गिळली, तर ती आतड्यातून आधी यकृतात पोचते आणि बरीचशी तिथेच निकामी होते. पेशंटला हे समजावणार काउंटरवरचा फार्मासिस्टच! म्हणून यकृताचा रक्तपुरवठा आणि मूत्रपिंडातला नेफ्रॉन (रक्त गाळून लघवी बनवणारा सूक्ष्म घटक) यांची आकृती न बघता काढता येईल इतकं शिकवा. कुल्ल्यातलं इंजेक्शन वरच्या, बाहेरच्या भागात देतात ते सायटिक नर्व्ह (कुल्ल्यातून पायात जाणारी जाड नस) वाचवायला, हेही हवंच. २०६ हाडांवरचे उंचवटे आणि खाचा मात्र पाठ करायला लावू नका.