सात महिने हप्ते भरतोय, आता मनच उठलंय

प्रश्न : ताई नमस्कार. मी ३१ वर्षांचा, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात ३८ हजार येतात. बहिणीच्या लग्नाला पर्सनल लोन काढलं होतं त्याचे २ लाख ४० हजार बाकी आहेत, हप्ता ८,१००. वडिलांच्या ऑपरेशनला क्रेडिट कार्ड वापरलं ते वाढत वाढत लाखाला टेकलं. मग एका महिन्यात अगदीच ओढाताण झाली म्हणून दोन ॲपवरून घेतले, १८ आणि ९ हजार. दाजींचे ५० हजार हातउसने आहेत ते वेगळेच. सात महिन्यांपासून कार्ड घासणं पूर्ण बंद केलंय, दर महिन्याला ५ हजार त्यात भरतोय, तरी आकडा ९३ हजारच. भाडं, किराणा, आईला पाठवायचे असं सगळं जाऊन हातात काही राहत नाही. बायकोला ॲपचं माहिती नाही. मित्रांचं गोव्याचं ठरतंय, काय कारण सांगू कळत नाही. पहिले दोन महिने लय जोश होता, आता पगाराचा मेसेज आला तरी बरं वाटत नाही. रात्री झोप लागत नाही, नको नको ते विचार येतात. असं किती दिवस रेटायचं?
– एक वाचक, चाकण

उत्तर : आधी एक सांगते, तू पत्रात चार ठिकाणी "मी मूर्ख आहे" असं लिहिलं होतंस, ते मी काढून टाकलंय. मी २६ वर्षं एका सहकारी बँकेत होते, त्यातली ११ वसुलीच्या टेबलावर, गावात लोक मला लांबून बघून गल्ली बदलायचे, त्यामुळे ज्याला बुडवायचंच आहे तो माणूस कसा असतो ते मला चांगलं माहितीये. तो सात महिने हप्ते भरत नाही आणि असलं पत्र तर अजिबात लिहीत बसत नाही.

तुझं मन आळसाने नाही उठलेलं, हिशोबाने उठलंय. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज धर, बहुतेक कार्डांचं त्याच्या आसपासच असतं. लाखावर झाले ३,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३० अजून. तू भरलेस ५ हजार, त्यातले ४,१३० असेच गेले आणि मुद्दल कमी झालं ८७० रुपयांनी. सात महिन्यांत ३५ हजार ओतलेस आणि आकडा हलला सात हजारांनी. अशाने कुणाचाही जोश उतरेल बाबा, त्यात तुझ्या स्वभावाचा काय दोष. जिद्द पाहिजे, मन घट्ट पाहिजे वगैरे मोबाईलवर ऐकवणाऱ्यांना हे गणित कुणी दाखवत नाही.

म्हणून पहिलं काम, हे कार्डाचं ओझं स्वस्त जागी हलवायचं. कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल तर तिथे चौकशी कर, दोन जामीनदार मागतील आणि हप्ता पगारातूनच कापला जाईल. समजा १३ टक्क्यांनी मिळालं, तर हेच ९३ हजार महिना ५ हजारांनी साधारण २१ महिन्यांत फिटतात. कार्डावर ठेवून तेवढेच भरत राहिलास तर अजून ३६ महिने. पैसे तेवढेच, घामही तेवढाच, फरक सव्वा वर्षाचा! पतसंस्था नसेल तर कार्डवाल्या बँकेलाच विचार की बाकी रकमेचे हप्ते पाडून देता का, दर बराच खाली येतो, फक्त प्रोसेसिंग फी किती आणि मधेच फेडलं तर दंड किती हे लेखी घे. आणि हलवल्या दिवशी कार्ड कात्रीने काप. माझ्या टेबलासमोर असे कितीतरी जण बसलेत ज्यांनी कार्ड फेडायला कर्ज काढलं आणि वर्षभरात कार्डही परत भरून टाकलं, मग दोन्ही डोक्यावर. अजून एक, कार्डावर जुनी बाकी आहे तोवर नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

सेटलमेंटचे फोन येतील, अर्ध्यात मिटवून देतो म्हणतील. मोहात पडू नकोस, तू भरू शकतोयस. सिबिलला "सेटल्ड" असा शेरा लागतो आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलास की तोच आडवा येतो.

आता ॲपचे २७ हजार. पुस्तकी नियम असा की ज्याचं व्याज जास्त ते आधी फेडा, आणि तो बरोबरच आहे. पण मी तुला सांगेन की दिवाळीचा बोनस आला की आधी ९ हजारवालं संपव, मग १८ वालं, व्याजाचा दर बघत बसू नकोस. कारण हेच दोघं तुझा फोन वाजवतात. फोन शांत झाला की माणूस रात्री झोपतो आणि झोपला की दुसऱ्या दिवशी हिशोब करायला बसतो. बोनसमधले दोन-अडीच हजार मात्र बाजूला काढ, फराळ आणि पोराचे कपडे होऊ देत. दिवाळी सुद्धा केली नाही तर घरातल्यांना ते कर्ज तुझ्यापेक्षा जास्त टोचेल.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०२२ पासून स्पष्ट लिहिलेला. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, बदनामीची धमकी हेही चालत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपला तुझ्या फोनमधली नंबरांची यादी बघायचाही अधिकार नाही. असं काही झालं तर स्क्रीनशॉट ठेव, रेकॉर्डिंग ठेव, आधी ज्या कंपनीने कर्ज दिलं तिच्याकडे लेखी तक्रार कर, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८. ॲपच बोगस निघालं आणि फोटो वगैरे पाठवून धमकावत असतील तर थेट १९३०, सायबरवाले.

आणि आता बायको. इथे मी जरा कडक बोलणार आहे. आमच्याकडे कर्जदार यायचे ना, त्यात जे अडकून पडायचे ते कर्ज मोठं होतं म्हणून नाही, घरी माहिती नव्हतं म्हणून. बँकेचं पत्र घरी जाऊ नये म्हणून दुसरं कर्ज, ते लपवायला तिसरं. तू ॲपवर गेलास ते सुद्धा त्या महिन्यात घरी "पैसे कमी पडतायत" म्हणता आलं नाही म्हणूनच ना? रात्री अकराला दिवे मालवल्यावर सांगू नकोस, पाहुणे असताना तर नकोच. रविवारी दुपारी जेवणं झाली की एका कागदावर सगळं लिहून तिच्यासमोर ठेव, कुणाचे किती, व्याज किती, हप्ता कधी, दाजींचे धरून. ॲपचे दोन्ही आकडे सगळ्यात वर. ती चिडेल. चिडू दे, दोन दिवस अबोला धरेल. तिने स्वतःहून दागिन्यांचा विषय काढला तर बघा, सोनेतारण कार्डापेक्षा खूपच स्वस्त पडतं, पण तू तोंडाने मागू नकोस एवढं माझं ऐक.

मग तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. आमच्या बँकेतल्या एका शिपायाने घराच्या कर्जाचे हजार-हजाराचे चौकोन काढले होते, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, आणि हप्ता भरला की त्याची पोरगी खडूने रंगवायची, कुठला रंग यावर तिचं भांडण व्हायचं. आम्ही हसायचो त्याला. पण त्याचा एकही हप्ता चुकला नाही, आणि आमच्यातल्या दोन साहेबांचे चुकले.

दाजींना आज बिनव्याजी म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलंयस, हिशोबात ते बरोबरच. पण पगाराच्या दिवशी त्यांना ५०० रुपये तरी पाठव आणि एक ओळ लिही, "दाजी, एवढेच जमतायत, बाकीचे लक्षात आहेत." पन्नास हजारात पाचशे म्हणजे काहीच नाही, पण मग लग्नकार्यात त्यांच्यासमोरून जाताना तुला मोबाईलमध्ये बघायला लागणार नाही.

गोव्याला नाही म्हण, आणि कारणात आईला आजारी पाडू नकोस. "यंदा हप्ते चालू आहेत, पुढच्या वर्षी बघू" बस. बघ, त्या पाच जणांतला एक तरी रात्री वेगळा मेसेज करेल की माझंही तसंच आहे रे. तो सापडला की त्याच्याशी ठरव, दर महिन्याच्या ७ तारखेला दोघांनी एकमेकांना हप्ता भरल्याचा स्क्रीनशॉट टाकायचा, चर्चा नको, उपदेश नको. चाळीस जणांच्या ग्रुपवर नाही हं, एकालाच.

ते "नको नको ते विचार" मी वाचलेत आणि त्यावरून पुढे गेले नाहीये. आज रात्री आले तर १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. फोन नको वाटला तर बायकोला उठव, ॲपचं सांगायचं राहिलं असलं तरी उठव. जीवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर एकटा राहू नकोस, सरळ ११२ लाव किंवा जवळच्या दवाखान्यात जा. तुझं सगळं मिळून देणं ४ लाख १० हजार आहे. मी याच्या दसपट देणं फेडून नंतर लेकीच्या लग्नाचे पेढे घेऊन आलेली माणसं बघितलीत.

प्रश्न : मी बचत गटात आहे, शिवाय दोन मायक्रोफायनान्सचे हप्ते आहेत. यंत्रमाग बंद असल्याने यांचं काम सुटलं, दोन हप्ते राहिले. मीटिंगला जायची लाज वाटते, बायका तोंडावर बोलतात. तिसऱ्या कंपनीचा माणूस लगेच कर्ज देतो म्हणतोय.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तिसऱ्याला दारातूनच परत पाठवा. नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत, यांचं काम सुटल्यावर तुमचे दोनच कदाचित त्याच्या वर गेले असतील, मग तो कशाच्या जोरावर देतोय? मीटिंगला मात्र जाच. लागोपाठ गैरहजर राहिलं की वसुलीचा माणूस घरी येऊ शकतो, ठरलेल्या जागी जात राहिलात तर तसं यायचं त्याला कारण नाही. गटात उभं राहून सांगा की काम बंद आहे, पूर्ण हप्ता जमत नाही, अमुक एवढे जमतील, आणि कंपनीकडे हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या असा अर्ज करा, पोच घ्या. बोलणाऱ्या बायका बोलतीलच, त्यातल्या निम्म्यांचा हप्ता मागच्या साली दुसऱ्या कुणीतरी भरलेला असतो, गटात बसलेल्या कुणालाही विचारा.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे, कर्ज झालंय हे आत्ता कळलं. माझी ६ लाखांची एफडी आहे, मोडून त्याला मोकळं करावं असं हिला वाटतं. मला ते पटत नाही, पण रोज घरात वाद.
– एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, मी तुमच्या बाजूने आहे, पण अर्धीच. सगळी एफडी मोडू नका, म्हातारपणी दवाखान्याला काय करणार? वहिनींना मदत करायचीये तर त्याला वर्षभर धान्य, तेल, शेंगदाणे गावाकडून पाठवा, किराण्याचे त्याचे दोन-तीन हजार वाचतील ते हप्त्यात जातील. आणि फोनवर दर वेळी "झालं का कमी?" विचारू नका, ते फक्त महिन्यातून एकदा. त्याच्या कर्जात कार्डासारखं काही महागडं असेल तर तेवढ्यापुरती रक्कम द्या, वहीत लिहून, तारीख घालून, परत कधी देणार तेही त्याच्या अक्षरात. त्यासाठीही एफडी मोडायच्या आधी बँकेत विचारा, एफडीवरच कर्ज मिळतं, दर एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतो आणि ठेव तुमच्याच नावावर राहते. हप्ता मात्र त्याच्या खात्यातून जाऊ द्या.