रिपोर्ट नॉर्मल, मग पोटरी का उडते?

खुर्चीत बसता बसताच त्यांनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, आधी हे बघा." पडद्यावर त्यांचीच उघडी पोटरी. काही सेकंद सगळं शांत, मग कातडीखाली किडा वळवळावा तशी बारीक हालचाल. असे 17 व्हिडिओ होते, बहुतेक रात्री एक-दीडचे.

वय 36. (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.) चार महिन्यांपासून पोटरी उडत होती, डावी पापणी लवत होती, मान आणि जबडा आखडलेला. एकदा भर मीटिंगमध्ये हाताची बोटं आकडून चोचीसारखी झाली, ओठांभोवती मुंग्या आल्या. मज्जासंस्थेचा असाध्य आजार झालाय, हे इंटरनेटवर वाचून त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. न्यूरॉलॉजिस्टची तपासणी, ईएमजी (स्नायूंमधल्या विद्युत संदेशांची चाचणी), कॅल्शियम, थायरॉईड, सगळं ठीक निघालं होतं. "म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ का?"

हे दोन शब्द ऐकले की मला राग येतो. पोटरी खरोखर उडते, व्हिडिओत दिसतेय की! धोका वाटला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, पळायला किंवा लढायला स्नायू ताठ होतात. पण आपण पळत नाही, खुर्चीतच बसून राहतो आणि स्नायू तासन्‌तास ताठ. त्यात झोप कमी, कॉफी जास्त. मग नसा जराशा कारणानेही स्नायूला झटके देतात. बोटं आकडण्याचं कारण वेगळं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा चिडतात. एकूण कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल असतानाही हे होतं.

पहिल्या भेटीत माझीही चूक झाली. सवयीने म्हणून गेले, "दीर्घ श्वास घ्या." त्यांनी छाती भरभरून दहा-बारा श्वास ओढले आणि बोटांना पुन्हा मुंग्या! श्वास मोठा नको होता, सावकाश हवा होता: नाकाने थोडासा आत, आणि बाहेर सोडताना लांबवत.

मग विचारलं, "आत्ता वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का?" ते चपापले. टेकलेच होते, चांगले घट्ट. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी 1929 मध्ये स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. आपण स्नायू आवळून धरलाय हेच माणसाला कळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून आधी पाच-सात सेकंद मुद्दाम आवळायचं, मग सोडून वीस-तीस सेकंद नुसता फरक अनुभवायचा. मूठ, खांदे, जबडा, पोट, मांड्या. पोटरी मात्र अगदी हलकेच, नाहीतर तिथेच गोळा येतो.

खरी गाठ मात्र दुसरीकडे होती. पोटरी दिवसातून किती वेळा बघता, हे आठवडाभर लिहून आणायला सांगितलं. मंगळवारचा आकडा 41. दर वेळी बघणं म्हणजे शरीराला पुन्हा धोक्याचा इशारा. एकदम बंद करा म्हटलं असतं तर जमलं नसतं. संध्याकाळी सातला एकदाच बघायचं, व्हिडिओ नाही, एवढं ठरलं. पहिले चार दिवस त्यांना फार जड गेले. मधल्या भेटींत चार महिन्यांपूर्वीच्या नोकरकपातीचा विषय निघाला, तो मग बराच चालला.

हे सगळं डॉक्टरी तपासणी झाल्यावरचं, हे लक्षात असू द्या. पाय ओढत चालावं लागणं, हातातून वस्तू निसटणं, स्नायू बारीक होत जाणं, बोलताना किंवा गिळताना अडखळणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. छातीत दुखलं तर "टेन्शन असेल" म्हणून घरी थांबू नका.

आठव्या भेटीत ते साहेबांशी झालेल्या वादाबद्दल सांगत होते. मध्येच थांबले, पायाकडे बघितलं. "आत्ता उडतेय," म्हणाले, आणि "तर साहेब काय म्हणतात..." करत पुढे सांगू लागले.