अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचं ‘प्लेज कार्ड’ घरी आलंय. किती लिहावं? नाही लिहिलं तर चालेल का?

सलाम. तुम्ही लिहिलंय की नगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतून अमेरिकेत येऊन अजून वर्ष झालेलं नाही, घराजवळच्या एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या, चर्चला जाता, आणि आता हे कार्ड आलंय. पुढच्या वर्षभरात किती देणार तो आकडा लिहून सही करायची. पगार बेताचा, त्यातून गावी पाठवायचे. न भरल्यास प्रभुभोजनाला अडवतील का, आणि एवढ्या मोठ्या दगडी इमारतीला तुमच्या चार पैशांची गरज काय, असं तुम्ही विचारलंय.

अडवत नाहीत. तसा नियमच नाही. आजारपणात पाळकांना बोलवायला किंवा अंत्यविधीलाही कार्ड लागत नाही. इथल्या चर्चच्या नियमांत नेकीच्या सभासदाची व्याख्या आहे: उपासनेत नियमित, आणि काम, प्रार्थना व देणं यांत विश्वासू. देणं त्यात आहे, पण रक्कम दिलेली नाही. १९८२ च्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) हे देण्याचं किमान प्रमाण ठरवलं हे खरं, तरी पगाराची पावती कुणी मागत नाही. काही ठिकाणी वार्षिक सभेत मत द्यायचं तर खजिनदाराकडे तुमच्या देणगीची नोंद असावी लागते, एवढंच. आपल्याकडे देणगीदारांची नावं रकमेसकट वाचून दाखवतात, त्यामुळे आपल्याला दडपण येतं. इथे आकडा सहसा खजिनदाराला किंवा नोंद ठेवणाऱ्या एकाच माणसाला ठाऊक असतो, कुठे कुठे पाळकांनाही. शेजारी बसणाऱ्याला कधीच कळत नाही.

आता गरज काय ते. एपिस्कोपल म्हणजे श्रीमंत अशी एक समजूत आहे, आणि न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चसारखी उदाहरणं तिला खतपाणी घालतात. त्या चर्चला राणी ॲनने १७०५ साली मॅनहॅटनमधली २१५ एकर जमीन दिली होती. पण बहुतेक एपिस्कोपल मंडळ्यांत रविवारी शंभर माणसंही नसतात. सरकारकडून पगार येत नाही. एके काळी यायचा: इंग्रजांच्या काळात व्हर्जिनियात पाळकांचं वेतन करातून निघायचं, वर्षाला १६,००० पौंड तंबाखू! स्वातंत्र्यानंतर ते बंद झालं. मग बरीच चर्चेस बाकांच्या भाड्यावर चालली. पैसेवाल्या घराण्यांचे बाक ठरलेले, गरिबांनी मागे किंवा वर सज्जात बसायचं. १८४६ मध्ये न्यूयॉर्कच्या चर्च ऑफ द होली कम्युनियनमध्ये विल्यम मुहलेनबर्ग यांनी सगळे बाक मोफत ठेवले तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. तुम्ही आज कुठल्याही बाकावर जाऊन बसता ते अशा लोकांमुळे. बाकांचं भाडं गेल्यावर खर्च भागवायला अर्पणाची पाकिटं आली आणि वर्षाच्या सुरुवातीला दिलेलं वचन आलं. तेच हे कार्ड.

मी वेस्ट्रीवर होते, म्हणजे सभासदांनी निवडून दिलेल्या कारभारी समितीवर, आपल्याकडच्या पाळकीय समितीसारखी. पैसा जातो कुठे हे तिथे कळलं. मोठा वाटा पाळकांचं वेतन आणि आरोग्यविमा. त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी वेतनाच्या १८ टक्के वेगळे भरावे लागतात. मग बिशपांच्या कार्यालयाचा वाटा. मग हीटिंग, विमा, छप्पर. डिसेंबरात बजेट मांडताना आमच्यापुढे टेबलावर कार्डांची बेरीज असायची, आणि तिच्यावरून ठरायचं की ऑर्गन वाजवणाऱ्याला पुढच्या वर्षी ठेवता येईल का, अन्नवाटपाचा शीतकपाट बदलता येईल का. उपासनेत फिरणाऱ्या अर्पणाच्या थाळीत कधी किती पडेल ते सांगता येत नाही. कार्डावरचा छोटा आकडा धरून मात्र बजेट करता येतं.

आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण देते. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या उपाध्यक्षांपैकी एक होते फिलिप्स ब्रुक्स, बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे, म्हणजे एपिस्कोपल चर्चचेच रेक्टर (मुख्य पाळक). गावोगावच्या मंडळांनी दहा वर्षं दरसाल मदत करण्याचं वचन दिलं. त्या भरवशावर पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, जिथे गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, शिकल्या. एकरकमी देणगीवर घर भाड्याने घेता येतं, पण पुढच्या वर्षीचं भाडं आणि शिक्षिकांचे पगार कुठून येणार हे ठाऊक असल्याशिवाय बालविधवांना घरातून बाहेर बोलावण्याची जोखीम कोण घेईल? वचनाची किंमत मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

पैशाची राखण कशी होते तेही पाहा, कारण विश्वास त्यावरच बसतो. उपासना झाली की थाळीतले पैसे एकट्याने मोजायचे नाहीत. नात्यात नसलेले दोघं ऑफिसात बसतात, पाकिटं एकीकडे, सुटे दुसरीकडे, प्रत्येक जण स्वतंत्र मोजतो, आकडे जुळले की एकाच कागदावर दोघांच्या सह्या. वर्षाच्या शेवटी हिशेबतपासणी. शिवाय महिन्यातून एका रविवारचं सुटं अर्पण पाळकांच्या हाती गरजूंसाठी जातं, असा नियमच आहे. त्यातून कुणाचं थकलेलं भाडं भरलं जातं, कुणाचं विजेचं बिल. नावं फुटत नाहीत. तुमच्यावर तशी पाळी आली तर तुम्हीही निःसंकोच मागा, तो पैसा त्यासाठीच आहे.

मागणं, घेणं हे आपल्याला जड जातं, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. माझ्या यजमानांच्या ऑपरेशननंतर मंडळीने जेवणाच्या पाळ्या लावल्या आणि मी पहिल्यांदा नको म्हणाले. तरी दारात थंडपेटी ठेवली गेली आणि रोज कुणीतरी डबा ठेवून जाऊ लागलं. ऐंशीच्या पुढच्या एक बाई, उपासनेत एकमेकांना ‘शांती असो’ म्हणतात तेव्हा हात मिळवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती, मसुराचं सूप घेऊन आल्या. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांचं नाव आणि खाली ‘मीठ कमी घातलंय’. डॉक्टरांचं पथ्य त्यांनी कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. कोणी किती प्लेज करतं याचा त्या पाळ्यांशी काडीचा संबंध नव्हता.

दगडी इमारतीबद्दल एक. मॅनहॅटनमधल्या होली अपॉसल्स चर्चने १९८२ मध्ये भुकेल्यांना जेवण द्यायला सुरुवात केली. १९९० मध्ये इमारतीला मोठी आग लागली. दुरुस्तीनंतर त्यांनी बाक पुन्हा बसवलेच नाहीत, मुख्य सभागृहातच टेबलं मांडून जेवण वाढायला लागले. अशी इमारत उबदार ठेवायला बिल भरावंच लागतं, आणि म्हणून ‘मी वेळ देते, पैसे नाही’ हे मला पटत नाही. थोडं का होईना, दोन्ही द्यावं.

तर किती लिहायचं? गावी आईवडिलांना पाठवता ते आधी बाजूला काढा, त्यात कात्री लावून इथे देऊ नका. उरलेल्यातून जे वर्षभर निभेल तेच लिहा. आठवड्याला ५ डॉलर म्हणजे वर्षाला २६०, आणि बजेट करणाऱ्यांना ते खरोखर उपयोगी पडतात. नोकरी गेली तर खजिनदाराला कळवून आकडा कमी करता येतो, कारण सांगावं लागत नाही. जानेवारीत करासाठी तुमच्या देणगीचं पत्र येईल, ते जपून ठेवा.

आणि वार्षिक सभा चुकवू नका, बहुधा जानेवारीतच असते. जमाखर्चाचा कागद हातात देतात. छपरासाठी राखलेले पैसे कुठे आहेत, बिशपांच्या कार्यालयाला किती जातात, हे सरळ उभं राहून विचारा. नव्या माणसाने विचारलेलं कुणाला खटकत नाही. उलट एकदोन वर्षांत वेस्ट्रीसाठी तुमचंच नाव सुचवतील, आणि सुचवलं तर हो म्हणा.