बाबा गेले आणि मुलगा गेममध्येच बुडाला

"मॅडम, याचे बाबा जाऊन तीन महिने झाले. हा एकदाही रडला नाही. शाळेतून आला की कॉम्प्युटर. आणि गेम तरी कसला, तर मेलेल्यांना होडीतून पलीकडे पोचवायचा! बंद करू का?" दहावीतल्या मुलाची आई विचारत होती. घरात माणूस गेल्यावर बरेच पालक असंच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा बोलेना. पुढच्या वेळी मी त्याला म्हटलं, गेमच दाखव.

'स्पिरिटफेअरर' हा मॉन्ट्रियलच्या थंडर लोटस कंपनीचा 2020 मधला गेम. त्यातली स्टेला आत्म्यांना होडीवर घरं बांधून देते, त्यांच्या आवडीचं रांधते, त्यांना मिठी मारते. मग ज्याची जायची तयारी झाली, त्याला एका दारापर्यंत सोडून येते. तिथे निरोप घेता येतो. अतुलकाकाचं मात्र वेगळं. बेडकाच्या रूपातला हा काका खाण्याचा शौकीन, हाताने दुरुस्त्या करणारा, सगळ्यांचा लाडका. तो एके दिवशी होडीवर नसतोच. ना दार, ना निरोप.

"मी सगळी होडी शोधली," मुलगा म्हणाला. "बग असेल म्हणून गेम परत चालू केला." जरा वेळाने म्हणाला, "बाबापण सांगून नाही गेले. मला राग येतो त्यांचा."

त्याचे बाबा सकाळी कामावर गेले आणि दुपारी हृदयविकाराच्या झटक्याने वारले. तेव्हापासून जो येई तो याला सांगे, "आता तूच घरातला कर्ता, आईला सांभाळ." पंधरा वर्षांच्या मुलाला असं सांगणं मला फार क्रूर वाटतं. गेलेल्या बापावरचा राग त्याने दाखवायचा कुठे?

आईला वाटत होतं तो दुःखापासून पळतोय. थोडा पळतही होता, आणि तेही लागतं. श्ट्रोबे आणि शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं की शोकात माणूस दुःखाकडे जातो, त्यातून बाहेर येतो, पुन्हा जातो. ही ये-जा निरोगीच असते. या मुलाची दोन्ही कामं एकाच गेममध्ये चालली होती. सगळेच गेम असे नसतात, आणि गेम म्हणजे उपचारही नव्हे. त्याला बोलायला मिळालेली ती पहिली जागा होती.

गेम बंद करू नका, असं मी आईला सांगितलं. झोपेची वेळ मात्र ठरवून घ्या. "किती वेळ खेळतोस?" याऐवजी "आज होडीवर कोण आलं?" असं विचारा. त्याच्यासमोर तुम्हाला रडू आलं तर रडा.

मुलगा जेवतोय, झोपतोय, मित्रांना भेटतोय, तर धीर धरा. सहा महिन्यांनंतरही शोक रोज तितकाच तीव्र असेल, शाळेत जाणंच बंद झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाची भाषा कानावर आली, तर त्याच दिवशी.