नटक्रॅकर बॅलेला पाहुणी नर्तक-जोडी बोलावताना

आधी स्टेज मोज. बेळगावात हॉलवाले विंगा धरून माप सांगतात. जोडीला नाचायला मोकळी जागा ३० बाय २५ फूट तरी हवी. खाली फरशी असेल तर नुसतं व्हिनाइल (नाचाचं प्लास्टिक अंथरूण) टाकून भागत नाही, उडीचा दणका थेट नडगीत बसतो. लाकडी फळ्यांचा मंच घाल. व्हिनाइल आदल्या रात्रीच उलगड, नाहीतर डिसेंबरच्या थंडीत वळकटीच्या सुरकुत्या तशाच राहतात आणि पॉइंट शू (बोटांच्या टोकावर नाचायचा बूट) अडकतो. व्हिनाइलला पॉलिश मात्र नको बघ, पाय घसरतो!

शुगर प्लम परीच्या युगुलनृत्याचे चार भाग: अदाजिओ (दोघांचा संथ नाच), नर्तकाचं एकल, नर्तिकेचं एकल, कोडा (दोघांचा वेगवान शेवट). रेकॉर्डिंग त्यांच्याकडूनच घे. लय जरा बदलली की उचल चुकते. कार्यक्रमातल्या मुलांसोबत एक तालीम पूर्ण पोशाखात कर, टुटूच्या (नर्तिकेच्या ताठ, पसरट झग्याच्या) घेराला बिचकून रांग मोडते.