तिखट उत्तर पाठवण्याआधी

अगं, खाण्यावरच्या पहिल्याच लेखावर वाचकांची बोलणी खाल्लीस म्हणून लिहिणं सोडू नकोस. मीही खाल्ली आहेत. 'नागपुरी संत्री म्हणजे फक्त हिवाळा' असं बिनधास्त लिहून मोकळी झाले होते. काटोलकडच्या एका बागायतदाराचं पत्र आलं: 'ताई, आंबिया बहार नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतो, पण मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चात येतात. बाग पाहिली तरी आहे का?' झोंबलं. उत्तर लिहिलं तेही सावजीच्या रश्श्यासारखं जहाल, पण पाठवलं नाही. रात्र जाऊ दिली. सकाळी दोनच ओळी: 'चूक माझी. दुरुस्त करते.' काय बदललं तेही लेखाखाली लिहिलं. गुपचूप खोडलं असतं तर त्या काकांनी पुन्हा वाचलं नसतं.

चवीवरून भांडणाऱ्यांचं वेगळं. सांबारवडीत, म्हणजे आपल्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीत, खसखस किती, यावर 'आमच्याकडे अशी करतात' म्हणून थांबायचं. कोथिंबिरीला सांबार का म्हणता, असं विचारणारा पुणेकर टीका करत नसतो बरं, त्याला हसून समजाव. साडीवर, नवऱ्यावर घसरणाऱ्याला मात्र उत्तरच नको.

आणि तर्री पोह्यांवर वाटाण्याची तर्री लिहिली आहेस ना? ती हरभऱ्याची असते. वाचक बरोबर आहे, आजच दुरुस्त कर.