मान घासणं आधी थांबवा

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा, नववीत आहे. उंची १६२ सेंमी, वजन ७८ किलो, कंबर ९६ सेंमी. वर्षभरात मान आणि काखा काळ्या पडल्या. मी डाळीचं पीठ, लिंबू लावून घासते, पण काही उपयोग नाही. उपाशीपोटी साखर ९२ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.६ आली. तरी आमचे डॉक्टर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणाले. सासूबाई म्हणतात, बाळसं आहे, वयात आला की झडेल. सासऱ्यांना मधुमेह आहे. साखर नॉर्मल असताना काळजी करायची का? गोळी लागेल का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी ते घासणं बंद करा. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की मानेच्या, काखेच्या घड्यांमधली त्वचा जाड आणि काळपट होते. माझ्याकडे अंगानं भरलेलं मूल आलं की मी वजनकाट्याआधी कॉलर मागे करून मान बघते.

साखर नॉर्मल आहे, पण ती तशी ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्सुलिन ओतावं लागतंय, हे त्या ९२ आकड्यात दिसत नाही. एका मजुराच्या कामाला तिघे लावले तरी काम वेळेवर होतंच, मजुरी तेवढी वाढते. पोटातली आणि यकृतात साठलेली चरबी इन्सुलिनचा हुकूम मानू देत नाही; मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. यालाच तुमचे डॉक्टर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणाले. ही ओढाताण काही मुलांत वर्षानुवर्षं चालते आणि मग साखर चढते. घरात मधुमेह असेल तर ती शक्यता जास्त.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. वयात येताना प्रत्येक मुलात इन्सुलिनचा असर तात्पुरता बराच कमी होतो, सडपातळ मुलांतही. त्यांचं नंतर पूर्ववत होतं. अंगावर चरबी असेल तर बहुधा होत नाही. शिवाय आपल्या भारतीयांची चरबी पोटावर लवकर साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३; शरीरातली चरबी मात्र त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! म्हणून मी काट्याइतकाच टेपवर विश्वास ठेवते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमच्या मुलाची ८१ च्या आत.

गोळी आत्ता नको. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आहे, मान उजळवायची नव्हे. उपाशीपोटी इन्सुलिनची महागडी तपासणीही करू नका. आकडा प्रयोगशाळेगणिक बदलतो आणि उपचार काही बदलत नाहीत. त्याऐवजी रक्तदाब, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्या. एचबीए१सी दरवर्षी बघा. ५.७ पासून मधुमेहपूर्व अवस्था धरतात, म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात.

वजन उतरवायच्या मागे लागू नका. त्याची उंची अजून वाढायची आहे. ७८ किलोवरच थांबला आणि १७२ सेंमी झाला, तर बीएमआय २९.७ वरून २६.४ वर येईल, एक किलोही न घटवता. क्लासहून येताना कोल्ड्रिंक घेतो का, विचारा. सहाशे मिलीच्या बाटलीत साठेक ग्रॅम, म्हणजे बारा चमचे साखर असते. ती सुटली तरी मोठं काम होतं. क्लासला सायकलनं जाऊ द्या, संध्याकाळी तासभर मैदानावर पाठवा. स्नायू हलले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. वजन तसूभर हललं नाही तरी हा फायदा होतो. झोप आठ तास तरी हवी. दहावीच्या नावाखाली मैदान आणि झोप दोन्ही कापायची आपली रीत मला अजिबात पटत नाही.

त्याचं ताट वेगळं काढू नका. पोह्यांबरोबर उसळ किंवा अंडं, भाताआधी भाजी, हे सगळ्या घरानं करावं. पाहुण्यांसमोर ‘जाड्या’ म्हणणाऱ्या काकांना तुम्हीच गप्प करा.

आणि खूप तहान, रात्री लघवीला उठणं, काही न करता वजन उतरणं यातलं काहीही दिसलं, तर कौतुक न करता त्याच दिवशी साखर तपासा.